लहान मुलाची रात्रीची झोप आणि आईचे श्रम : भांडगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रास्ताविक

लहान मूल रात्री अंथरुणात टिकत नाही, पुन्हा पुन्हा उठून बसते, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. त्यावर सल्ले देणारी पुस्तके व सदरेही पुष्कळ आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. राजवटी, लढाया, महसूल यांच्या नोंदी होत राहिल्या; मूल कोठे निजले, कोणाजवळ निजले आणि त्याला निजवणारी बाई किती वाजता उठली याची नोंद ठेवण्याची गरज कोणाला भासली नाही. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील भांडगाव व त्याच्या आसपासचा यवत-केडगावचा परिसर नजरेसमोर ठेवून या विषयाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. तो करताना मुंबईच्या गिरणगावात जाणे अपरिहार्य ठरते, कारण या प्रश्नाविषयीचा सर्वांत ठोस लेखी पुरावा तेथेच सापडतो.

लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे आहे : आपल्याकडे मूल अंथरुणात न राहण्याचा प्रश्न बहुतांशी आई अंथरुणात न राहण्यातून निर्माण झालेला आहे.

गोधडी, जाते आणि बागुल

मुलाने स्वतंत्र खाटेवर, शक्यतो स्वतंत्र खोलीत आणि एकट्याने झोपावे, ही कल्पना मुळात पाश्चात्त्य मध्यमवर्गाची आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ एमेट होल्ट यांचे बालसंगोपनावरील पुस्तक १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुलाला सवयीने, वेळापत्रकाने व प्रसंगी रडू देऊन झोपवावे हा विचार त्यातून दूरवर पसरला. आपल्या खेड्यातील घरात या विचाराला जागाच नव्हती. पर्जन्यछायेतील या पट्ट्यात शेतकऱ्याचे घर म्हणजे सोपा, माजघर आणि चूल. तान्हे मूल झोळीत किंवा पाळण्यात आणि दूध तुटलेले मूल आईच्या किंवा आजीच्या कुशीत, एकाच गोधडीखाली. अशा मुलाला अंथरुणात ठेवण्यासाठी निराळा उपाय करावा लागत नसे, कारण अंथरूण म्हणजेच आजी किंवा आई होती.

अडचण येई ती पहाटे. सूर्योदयापूर्वी दळण उरकण्यासाठी बाई उठत असे आणि शेजारची ऊब गेल्याबरोबर मूल जागे होत असे. मग ते जात्यापाशी येऊन आईच्या मांडीवर डोके ठेवी. जात्यावरच्या ओव्यांत तान्हे बाळ, त्याचा पाळणा, त्याची झोप यांचे उल्लेख वारंवार का येतात याचे एक साधे उत्तर येथे मिळते : गाणारीची मांडी हेच त्या वेळी त्याचे अंथरूण होते. गी पॉयटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशी भागातून सुरुवात करून महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह सिद्ध केला. तो लोकसाहित्य म्हणून वाचला जातो. तो बाईच्या कामाच्या वेळेचा दस्तऐवज म्हणूनही वाचता येईल. पुढे गावोगाव पिठाची गिरणी आली, पहाटेचे दळण थांबले आणि ओवीचे प्रयोजनही संपत गेले. आपण ओवी हरवल्याची खंत बाळगतो. पण जिला पहाटेची दोन घटका जास्त झोप मिळाली तिला ती खंत किती वाटली असेल, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका आहे.

गाणे पुरले नाही तर भीती होती. बागुलबुवा हे निजवण्याच्या साधनांतील सर्वांत स्वस्त साधन. संतवाङ्मयातही बागुलाचा दृष्टान्त आढळतो; जे मुळात नाहीच त्याचे भय, असा त्याचा आशय. म्हणजे बागुल खोटा आहे हे मोठ्यांना चांगलेच ठाऊक होते आणि तरीही त्याचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या होत राहिला. विसाव्या शतकात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या बालशिक्षणाच्या चळवळीने मुलाला भय दाखवून वळण लावण्याच्या रीतीला विरोध केला. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचे कार्य या दृष्टीने मोलाचे आहे. तथापि, दिवसभर रानात राबलेल्या बाईकडे बागुलाऐवजी वापरायला वेळ नावाचे दुसरे साधन होते का, हा प्रश्न त्या चर्चेत मागे राहिला असे वाटते.

आई मुळीच नसेल तर काय होते, याचे उदाहरण याच परिसरात आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणल्या आणि पुण्यातील प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांची व्यवस्था केडगाव येथील जमिनीवर केली. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्ती सदनातील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. भांडगावपासून हाकेच्या अंतरावर म्हणता येईल अशा त्या जागी शेकडो मुली आईच्या कुशीबाहेर, परक्या मुलींच्या शेजारी निजू लागल्या. केडगावचा इतिहास धर्मांतराच्या वादाभोवतीच लिहिला गेला आहे. त्या रात्रींकडे कोणी वळलेले नाही.

मुंबईची बाळगोळी

बाळगुटी आणि बाळगोळी यांत गल्लत करू नये. बाळगुटी म्हणजे हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ इत्यादी सहाणेवर उगाळून दिलेले चाटण. त्यातील जायफळाने मूल शांत झोपते असा समज आहे. बाळगोळी म्हणजे अफूची गोळी. अफूविषयक रॉयल कमिशनपुढे (१८९३-९५) पश्चिम हिंदुस्थानात तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल सर्रास असल्याची साक्ष झाली होती. परंतु प्रश्नाचे खरे स्वरूप उघड झाले ते १९२२ मध्ये. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी कामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी केली. औद्योगिक कामगार स्त्रियांच्या ९८ टक्के अर्भकांना अफू दिली जाते, असा त्यांचा निष्कर्ष ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

या आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे. शंभरातील अठ्ठ्याण्णव आया अडाणी किंवा निर्दय होत्या, असे मानणे शक्य नाही. या बाईचे गाव मागे सुटले होते आणि गावाबरोबर मुलाला कुशीत घेणारी आजीही. चाळीतील एका खोलीत अनेक माणसे निजत. १९२२ च्या कारखाने कायद्याने कामाचा आठवडा ६० तासांचा केला, म्हणजे सुधारणेनंतरही दिवसाचे दहा तास ती गिरणीत होती. मूल रात्री जागले तर सकाळचा भोंगा चुकणार आणि भोंगा चुकला तर मजुरी बुडणार. अफूला दिवस आणि रात्र यांतला फरक कळत नाही. ती दोन्ही वेळा कामाला आली. इंग्लंडमध्येही एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्यांच्या गावांतून ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित औषध मुलांना असेच पाजले जात होते. तेव्हा ही चाल ‘पौर्वात्य अज्ञान’ म्हणून बाजूला सारता येत नाही. गिरणी जेथे गेली तेथे ही गोळीही पोहोचली.

उपायाचा विचार झाला तोही योग्य दिशेने. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आईला मिळणारी विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब असल्याचे आणि तिचा भार मालक व सरकार यांनी उचलण्याचे प्रतिपादन केले. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा हा अशा प्रकारचा देशातील पहिला कायदा ठरला. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमात पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर आवश्यक ठरले आणि १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा तीसवर आली. ‘पाळणाघर’ हा शब्द मराठीत रुळला तो याच ओघात. मुलाच्या झोपेची जबाबदारी आईखेरीज अन्य कोणावर आहे, हे कायद्याने मान्य केले.

उसाच्या फडातील पहाट

मुठा उजव्या कालव्याने दौंड तालुक्याचा जिराईत चेहरा पालटला. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला, यवत-केडगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळे सुरू झाली आणि साखर कारखाने आले. उसाबरोबर बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येऊ लागले. दसऱ्यानंतर येणारा हा लोंढा उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत असतो. मजुरीचा हिशेब ‘कोयत्या’वर चालतो आणि एक कोयता म्हणजे नवरा व बायको. दोघांपैकी एकाने मुलापाशी थांबायचे, ही सोय त्या हिशेबात नाही.

कोपीत रात्री सारे कुटुंब एकत्रच निजते. भांडगावच्या जुन्या घरात निजत असे तसेच. फरक पुन्हा पहाटेचा आहे. बाई तीन-चारला उठते, भाकरी करते आणि अंधारातच फडाकडे निघते. वाहन भरायचे असेल तर मध्यरात्रीही उठावे लागते. जात्यापाशी मूल आईच्या मांडीवर येऊ शकत होते. फडात ते येऊ शकत नाही आणि आणले तर पाचटावर, थंडीत, साप-विंचवाच्या भयात ठेवावे लागते. म्हणून ते कोपीत राहते आणि त्याला थोपटायला आठ-दहा वर्षांची बहीण मागे ठेवली जाते. रूढ अर्थाने ही बालमजुरी नव्हे, तिला मजुरी मिळत नाही. पण त्या मुलीची सकाळची शाळा बुडण्याचे एक कारण तिच्या धाकट्या भावाची झोप हे आहे.

१९९० च्या दशकापासून साखरशाळांचे प्रयोग झाले. त्यांनी अक्षरओळख दिली. शाळकरी मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली. दोन-तीन वर्षांचे मूल या दोन्हींच्या कक्षेबाहेर आहे. कारखाने अधिनियमातील पाळणाघराची तरतूद साखर कारखान्याच्या दारापर्यंत येऊन थांबली, कारण तोडणी कामगार मुकादमामार्फत येतो आणि फड हा कारखाना नव्हे. अंगणवाडी सकाळी उघडते. आई निघून गेल्यापासून अंगणवाडी उघडेपर्यंतचे चार-पाच तास ते मूल कोपीत बहिणीच्या हवाली असते.