कुऱ्हाडीचा दांडा आणि पलंगाचा खूर

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण वर्गात फितुरीचे उदाहरण म्हणून शिकवतो. म्हणीतले गोत हे झाडांचे गोत आहे आणि दांडाही लाकडाचाच आहे, एवढा वाच्यार्थ सांगून झाला की पुढे सरकतो. मीही वीस वर्षे असाच पुढे सरकत आलो. गेल्या वर्षी स्वतःच्या हाताने भरीव लाकडाचा पलंग करण्याचा उद्योग आरंभला, तेव्हा या वाच्यार्थापाशी थांबणे भाग पडले.

लाकूड कुठून आणायचे, हा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर देताना नगरपासून जेमतेम सतरा किलोमीटरवरचे हिवरे बाजार आडवे आले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना घेऊन त्या गावी अनेकदा गेलो आहे. कुऱ्हाडबंदीवर विद्यार्थ्यांपुढे भाषण करायचे आणि घरी येऊन उभ्या सागाची चौकशी करायची, हे मनाला पटेना. अखेर नगरमध्ये पाडलेल्या एका जुन्या वाड्याच्या सागवानी तुळया विकत घेतल्या.

पलंगाची रचना कागदावर सोपी दिसते : चार खूर, दोन लांब आणि दोन आखूड गाते, वर फळ्या. पण निजणाऱ्याचा सगळा भार खूर आणि गाते जिथे मिळतात त्या सांध्यावर येतो. गात्याच्या टोकाला कुसू काढायचे, खुरात त्याच मापाचे भोक पाडायचे आणि एकात दुसरे घट्ट बसवायचे. मी आधी कुसू कापले आणि मग भोक पाडायला घेतले. शेजारच्या गल्लीतले एक वृद्ध मिस्त्री ते पाहून म्हणाले, “सर, भोक आधी. भोक पटाशीच्या मापानं पडतं, कुसू मागून तासून जुळवता येतं. तासलेलं लाकूड परत येत नाही.” माझे पहिले कुसू पातळ झाले होते. ते भोकात खुळखुळत राहिले.

खूर, गाते, कुसू हे शब्द मला कोशातून ठाऊक होते. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) शिकवताना बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत सुतार असतो, हेही मी मुलांना लिहून देत असे. मात्र बलुत्याचे काम म्हणजे नांगर, कुळव, पाभर यांची घडण आणि डागडुजी. लाकूड कुणब्याने द्यायचे, हात सुताराचे. घरबांधणी, पलंग असली कामे या करारात बसत नसत. त्यांची मजुरी वेगळी ठरे. दख्खनच्या अवर्षणी पठारावर औताचे लाकूड मुख्यतः बाभळीचे. साग घाटमाथ्यावरून किंवा खानदेशाकडून यायचा, म्हणून तो वाड्यांच्या आणि गढ्यांच्या वाट्याला जाई. सामान्य घरात बाज असे. चार खूर, चार गाते आणि मध्ये सुंभाची वीण. कमीत कमी लाकडात माणसाला जमिनीपासून उचलण्याची ही युक्ती आहे. तिच्याकडे दारिद्र्याची खूण म्हणून पाहण्याची आपली सवय तपासून पाहावी, असे आता वाटते.

या भागातल्या लोकांना पलंग परिचित होता तो देवीचा. तुळजाभवानीसाठी दरवर्षी आंबेगाव तालुक्यातील घोडेगावी नवा पलंग तयार होतो आणि नगरमार्गे तुळजापूरला नेला जातो. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरी पौर्णिमेपर्यंत देवी त्यावर श्रमनिद्रा घेते. घरच्या पलंगाने तीन पिढ्या टिकावे अशी अपेक्षा असते. देवीचा पलंग दर साली नवा घडतो, त्यामुळे तो घडवणारे हातही दर साली कामाला लागतात.

लाकडाकडे वळू. मराठी एम.ए.ला ‘आज्ञापत्र’ अभ्यासताना आपण रामचंद्रपंत अमात्यांच्या गद्यशैलीची चर्चा करतो. १७१५-१६ च्या सुमाराच्या या ग्रंथातील आरमाराचे प्रकरण पुन्हा वाचावे. गलबतांसाठी सागासारखी झाडे राज्यातल्या अरण्यांतून हुजूरच्या परवानगीने तोडावीत, पण रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये, असे तिथे बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे कारणही दिले आहे. झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे. झाड तोडताना कोणाला विचारायचे, हा प्रश्न मराठी गद्यात इतक्या नेमकेपणाने तीनशे वर्षांपूर्वी मांडला गेला आहे.

पुढे हा प्रश्न सरकारी दप्तरात गेला. १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव झाली. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी जंगलखात्यावर केलेला हल्ला आठवावा : गायराने आणि रानमेवा तुटल्याने कुणब्याचा आधारच गेला, ही त्यांची तक्रार आहे. स्वातंत्र्यानंतर, १९६४ च्या वृक्षतोडीविषयीच्या राज्य कायद्याने स्वतःच्या बांधावरचा साग तोडायलाही परवानगी आवश्यक ठरली. ‘आज्ञापत्रा’त झाडाच्या धन्याची संमती मागितली होती, आता धन्यालाच संमती मागावी लागली.

हिवरे बाजारचे वेगळेपण इथे आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घसरण झाली, डोंगर बोडके झाले, माणसे मजुरीसाठी बाहेर पडली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेची पंचसूत्री गावाने स्वीकारली : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान. चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी कूपनलिका नको असे ठरवले. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. या कथेचे स्तोत्र करण्याचे कारण नाही. सरपण आणि शेळ्या यांवर ज्यांची चूल चालते, त्यांना अशा बंद्यांची झळ आधी लागते, हे उघड आहे. तरीही हा नकार हुजुरातून किंवा जंगलखात्यातून आलेला नव्हता. ज्यांच्या हाती कुऱ्हाड होती त्यांनीच तो ग्रामसभेत ठरवला. म्हणीतल्या दांड्याला आपले गोत ओळखू आले, असे म्हणता येईल.

माझा पलंग आठ महिन्यांनी उभा राहिला. उशाची फळी चारी बाजूंनी सरसाने चिकटवू नका, खाचेत मोकळी सोडा, असे मिस्त्रींनी सांगितले होते. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि बांधून ठेवले तर तडकते. जुन्या तुळईतून काढलेल्या एका खुरावर कोणा अज्ञात सुताराने पाडलेले चौकोनी भोक आहे. त्याच्या कडा अजून काटकोनात आहेत. ते मी बुजवले नाही, भिंतीकडेही वळवले नाही.

बिघडलेले पहिले कुसू यंदा म्हण शिकवताना वर्गात नेले. बाकांवरून ते फिरले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने ते उलटसुलट करून अंगठ्याने चाचपले आणि म्हणाला, “सर, हे पातळ झालंय. भोक आधी पाडायचं असतं.” त्याच्या घरी पिढीजात सुतारकाम आहे, हे मला त्या दिवशी कळले. ‘गावगाड्या’वरच्या माझ्या तासांना तो दोन वर्षे हजर होता, आणि एकदाही काही बोलला नव्हता.