पहिल्या पगारांतील कर आणि त्याचा परतावा

सन १९४३ च्या सप्टेंबर महिन्याच्या २१ व्या तारखेस ब्रिटनचे अर्थमंत्री सर किंग्स्ले वुड हे पार्लमेंटांत एक नवी योजना मांडणार होते. त्याच दिवशीं सकाळीं त्यांचें देहावसान झालें. योजना मात्र थांबली नाहीं. त्यांच्या जागीं आलेले सर जॉन अँडरसन यांनीं ती पुढें नेली, त्याच वर्षीं तिचा कायदा झाला, आणि १९४४ सालच्या ६ एप्रिलपासून ब्रिटनांतील मजुरांच्या व पगारदारांच्या वेतनांतून प्राप्तिकर कापून घेण्याची जी रीत सुरू झाली ती आजतागायत चालू आहे. 'पे अ‍ॅज यू अर्न', म्हणजे मिळवाल तसा भरा, हें तिचें नांव. महायुद्धाच्या इतिहासांत तिला फार तर एकादी तळटीप मिळते; परंतु त्या युद्धांतील बहुतेक लढायांपेक्षां तिचा संबंध सामान्य माणसाच्या घरखर्चाशीं अधिक काळ राहिला आहे, असें आम्हांस वाटतें.

ह्या रीतीशीं आपल्या लोकांचाही परिचय होतो, आणि तो बहुधा कडवटपणानेंच होतो. महाराष्ट्रांतून ब्रिटनमध्यें जाऊन नोकरीस लागलेले डॉक्टर, परिचारिका व संगणकाचें काम करणारे तरुण यांस पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर एक आंकडा व त्यापुढें कांहीं अक्षरें दिसतात, आणि त्या आंकड्याखालीं अपेक्षेपेक्षां बरीच मोठी कपात दिसते. चौकशी केल्यावर कळतें कीं हा 'आपत्कालीन' कोड आहे. आपत्ति कोणाची, हा प्रश्न मग साहजिकच मनांत येतो. त्याचें उत्तर देण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

प्राप्तिकर हें युद्धाचें अपत्य आहे. फ्रान्सशीं लढाई चालू असतां धाकट्या पिटनें १७९९ सालीं तो बसविला. अ‍ॅडिंग्टननें १८०३ सालीं, पैसा जेथून निघतो तेथेंच कर कापून घ्यावा, हें तत्त्व त्यांत आणलें. वॉटर्लूनंतर १८१६ सालीं पार्लमेंटनें तो रद्द केला, आणि लोकांना त्याचा इतका तिटकारा होता कीं त्याचीं दप्तरेंसुद्धां नष्ट करण्याचा हुकूम झाला. पुढें १८४२ सालीं पीलनें तो परत आणला, तात्पुरता म्हणून. आमच्याकडे १८५७ च्या उठावानंतर रिती झालेली तिजोरी भरण्यासाठीं जेम्स विल्सन यांनीं १८६० सालीं तो आणला, आणि त्याच वर्षीं ते कलकत्त्यास वारले. विल्सन आणि वुड यांच्याकडे पाहून, हा कर अर्थमंत्र्यांच्या प्रकृतीस मानवत नाहीं असें कोणी म्हटलें, तर कर भरणारांपैकीं फारसे कोणी हळहळणार नाहींत.

इतका काळ हा कर सुखवस्तु वर्गापुरता होता. दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां ब्रिटनमध्यें तो देणारे सुमारे ४० लाख होते. युद्ध संपावयाच्या आधींच त्यांची संख्या १ कोटि २० लाखांच्या घरांत गेली. १९४१ सालीं कराचा मूळ दर पौंडास दहा शिलिंग, म्हणजे निम्मा, झाला आणि करमाफीची मर्यादा खालीं आली. गोदींतील हमाल व दारूगोळ्याच्या कारखान्यांतील बायका यांच्याही मजुरीस आतां कर लागूं लागला. त्याच वर्षीं अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्या सूचनेवरून सरकारनें एक वचन दिलें: माफीची मर्यादा उतरविल्यामुळें जो जादा कर द्यावा लागेल, त्याची नोंद प्रत्येकाच्या नांवें ठेवून युद्धानंतर ती रक्कम परत करूं. वचन पाळलें गेलें, पण कसें? १९४६ सालीं प्रथम वृद्धांना पैसे मिळूं लागले, आणि सर्वांची सरसकट फेड १९७२–७३ सालीं झाली. विशींत असतां ज्यानें हा पैसा दिला त्याला तो पन्नाशींत परत मिळाला. व्याज तर १९५९ पर्यंत मिळालेंच नाहीं. परतावा कबूल करणें आणि परतावा देणें यांत केवढें अंतर असूं शकतें, ह्याचें ह्याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

ह्या नव्या करदात्यांकडून कर घ्यावा कसा, ही खरी अडचण होती. महिना अखेरीस पैसे शिल्लक राहतात अशा माणसाकडून वर्षाच्या शेवटीं रक्कम मागतां येते. आठवड्याची मजुरी आठवड्यांत संपविणाराकडून ती मागतां येत नाहीं. म्हणून १९४० सालीं मालकांनीं मजुरींतूनच कर कापावा असें ठरलें. परंतु कापावयाचा तो मागील काळाच्या कमाईवरचा. हिंवाळ्यांत रात्रपाळ्या करून एकाद्यानें भरपूर मिळविलें, आणि पुढें तो आजारी पडला किंवा काम मंदावलें, तर भरल्या दिवसांचा कर रिकाम्या दिवसांच्या मजुरींतून जात असे. युद्ध संपल्यावर जादा तास बंद होतील आणि कर मात्र जादा तासांचा राहील, ही भीति कामगारांस होती, आणि ती रास्त होती.

ह्यावर तोडगा काढणाऱ्या अधिकाऱ्यांत प्रमुख होते पॉल चेंबर्स. हें नांव आमच्या वाचकांस अपरिचित असलें तरी हिंदुस्थानच्या कराच्या इतिहासांत तें आहे. १९३५–३६ सालीं येथील प्राप्तिकराची चौकशी करणाऱ्या समितीचे ते सभासद होते, आणि १९३७ ते १९४० पर्यंत हिंदुस्थान सरकारचे प्राप्तिकर सल्लागार. १९३९ सालच्या दुरुस्तीनें आपल्याकडे उत्पन्नाच्या प्रत्येक टप्प्यास निराळा दर लावण्याची पद्धत आली, ती त्याच चौकशीच्या मागोमाग. योजना पार पाडणारे अँडरसन हेही १९३२ पासून १९३७ पर्यंत बंगालचे गव्हर्नर होते. पगारांतून कर कापण्याची तरतूद आपल्या १९२२ च्या कायद्यांत होतीच. एवढ्यावरून ब्रिटनची योजना हिंदुस्थानांतून गेली असें सांगण्याचा मोह कोणास झाल्यास होवो. आम्हांस होत नाहीं. तिचें जें वैशिष्ट्य तें येथें नव्हतें.

तें वैशिष्ट्य म्हणजे स्मरण. ६ एप्रिल रोजीं कराचें वर्ष सुरू होतें. (ही चमत्कारिक तारीख १७५२ सालीं पंचांग बदलतांना गाळलेल्या अकरा दिवसांची आठवण आहे.) त्या दिवसापासून माणसानें एकंदर किती मिळविलें, त्याच्या करमाफीपैकीं आजवरच्या वांट्यास किती आली, आणि कर किती दिला, ह्या तीन गोष्टी मालकाचा कारकून दर आठवड्यास पाहतो. देय कर निघतो त्यांतून दिलेला वजा करतो, आणि उरेल तेवढाच कापतो. एकाद्या आठवड्यास मजुरी बुडाली तर हिशेब उलटा होतो: देय कर दिलेल्या करापेक्षां कमी भरतो, आणि फरक मजुराच्या हातावर पडतो. त्यासाठीं अर्ज नाहीं, खेपा नाहींत. सरकारनें घेतलेला पैसा न मागतां परत येतो, ही कल्पना त्या काळांत किती नवी होती, हें आज सहज ध्यानांत येत नाहीं. अमेरिकेनें त्याच १९४३ सालीं वेतनांतून कर कापण्यास आरंभ केला, पण तेथें प्रत्येक पगार सुटा धरला जातो आणि जास्त गेलेलें वर्षाच्या शेवटीं विवरण भरून मागावें लागतें.

मालकाला माणसाची घरची परिस्थिति कळूं नये, तरी माफी किती द्यावयाची तें कळावें, म्हणून करखातें त्याला फक्त एक कोड कळवितें. नोकरी सोडतांना जुना मालक एक कागद देतो. त्यावर कोड, आजवरची कमाई व आजवरचा कर लिहिलेला असतो. त्या कागदाचें नांव 'पी-४५'. आपल्याकडे नोकरींतून काढण्यास नारळ देणें म्हणतात, तसें तेथें 'पी-४५ मिळाला' असें म्हणतात. थट्टा सोडली तर ह्या कागदाचें काम मोलाचें आहे: एका मालकाजवळचें स्मरण तो दुसऱ्याकडे पोंचवितो.

आणि तो कागदच नसला तर? नवा मालक कोठून आठवण आणणार? तेव्हां करखात्याकडून खरा कोड येईपर्यंत जो चालवावयाचा तो आपत्कालीन कोड. २०२१ सालापासून तेथील साधारण करमाफी वर्षास १२,५७० पौंड आहे आणि कोड '१२५७ एल'. त्यापुढें 'एम १' किंवा 'डब्ल्यू १' हीं अक्षरें आलीं म्हणजे समजावें कीं हिशेबाची आठवण पुसली. प्रत्येक महिना अगर आठवडा वर्षाचा पहिलाच धरला जाईल.

ह्यानें काय होतें तें आंकड्यांनींच पाहावें. इंग्लंडांत शिक्षण संपवून एक तरुण ऑक्टोबरमध्यें महिना २,५०० पौंडांच्या नोकरीस लागला; एप्रिलपासून त्याला दुसरी कमाई नव्हती. स्मरणाच्या हिशेबानें ऑक्टोबरअखेर सात महिन्यांची माफी, म्हणजे ७,३३२ पौंड ५० पेन्स, त्याच्या खातीं जमा आहे. म्हणून त्याच्याकडून कर यावयाचा नाहीं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी कोरे जातात. फेब्रुवारींत १९५ पौंड ५० पेन्स आणि मार्चांत २९० पौंड ५० पेन्स, मिळून वर्षाचा कर ४८६ पौंड. आपत्कालीन कोडानें मात्र त्याला दर महिन्यास एकाच महिन्याची माफी मिळते. पहिल्या पगारापासूनच २९० पौंड ५० पेन्स जातात, आणि सहा महिन्यांत १,७४३ पौंड. जास्त गेले १,२५७ पौंड. (कोडांतलाच आंकडा येथें पुन्हां यावा हा गणिताचा विनोद आहे.) आणि मालकाकडे त्यानें माहितीचा कागदच दिला नसेल, तर '० टी' नांवाचा कोड लागतो, त्यांत माफी मुळींच नाहीं, महिन्यास ५०० पौंड जातात.

हा पैसा बुडत नाहीं, हें खरें. खरा कोड आला कीं पुढच्या पगारांत सारी बाकी एकदम हातीं येते. तथापि मधल्या काळांत तो माणूस सरकारला बिनव्याजी कर्ज देत असतो, आणि तेंही कोणत्या वेळीं? नवें घर, अनामत, दोन भांडीं, गांवीं धाडावयाचे पैसे, असा सारा खर्च जेव्हां अंगावर असतो तेव्हां. तरुण डॉक्टरांस शिक्षणाच्या काळांत ऑगस्टमध्यें एका इस्पितळांतून दुसऱ्या इस्पितळांत बदलून जावें लागतें. कागद मागें राहिला कीं हा प्रकार त्यांच्या वांट्यास पुनःपुन्हां येतो. माहिती नाहीं ही स्थिति सरकारची, मालकाची आणि नोकराची सारखीच. भुर्दंड मात्र तिघांत जो सर्वांत लहान त्याच्यावर. जास्त घेऊन मागाहून परत करणें हें कमी घेऊन मागाहून वसूल करण्यापेक्षां बरें, असें खात्याचे कैवारी म्हणतील. दोन नोकऱ्या करणाऱ्याला दोन्हीकडे माफी मिळाली तर पुढें मोठें देणें अंगावर येतें, तेव्हां त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु ज्याची एकच नोकरी आहे त्यानें दुसऱ्याच्या संभाव्य चुकीचें तारण काय म्हणून ठेवावें?

परतावा कोणाच्या हातीं जावा, ह्यावरही वाद झाले, आणि त्यांत त्या समाजाचें मन दिसतें. विवाहित स्त्रीचें उत्पन्न तेथील कायद्यानें नवऱ्याचें धरलें जाई. ती स्वतः कारखान्यांत राबली आणि तिच्या वेतनांतून कर जास्त गेला, तरी करखात्याकडून परत येणारी रक्कम नवऱ्याच्या नांवें येत असे. १९७८ च्या कायद्यानें ती तिची तिला मिळूं लागली. तिचें उत्पन्न सर्वस्वीं तिचें मानलें जाण्यास १९९० साल उजाडलें. दुसरा वाद संपाचा. संपांत मजुरी बंद पडे आणि स्मरणाच्या हिशेबानें आठवड्यामागून आठवडा परतावा मिळे. सरकारी तिजोरीच संप पोसते, अशी ओरड झाली. तो पैसा तिजोरीचा नव्हताच, संपवाल्यांचा स्वतःचा होता, हें आमचें मत. पण १९८२ च्या जुलैपासून बेकारभत्ता करपात्र झाला, आणि संपांत किंवा बेकारींत असलेल्यांचा परतावा तो कामावर येईपर्यंत अगर वर्ष संपेपर्यंत रोखून धरण्याचा नियम आला. चेंबर्स यांच्या योजनेंतील सर्वांत उदार भाग असा ऐन गरजेच्या वेळींच आंखडला.

कागद जाऊन संगणक आले, तरी विस्मरण गेलें नाहीं. एका माणसाच्या सर्व नोकऱ्यांची नोंद एकत्र करणारी नवी यंत्रणा चालू झाली तेव्हां, सप्टेंबर २०१० मध्यें, मागील दोन वर्षांत सुमारे ४३ लाख लोकांनीं जास्त आणि सुमारे १४ लाखांनीं कमी कर दिल्याचें खात्यानें जाहीर केलें. २०१३ च्या एप्रिलपासून मालकानें प्रत्येक पगाराची खबर त्याच वेळीं खात्यास द्यावी असा नियम झाला, आणि चुका पूर्वींपेक्षां लवकर उमगूं लागल्या.

जुना कागद जवळ नसलेल्या नोकराला आज एक प्रश्नावली भरावी लागते. तींत तीन विधानें असतात: ६ एप्रिलपासून ही माझी पहिलीच नोकरी आहे, सध्यां ही एकच आहे, पण एप्रिलनंतर दुसरी होती, हिच्याखेरीज दुसरी नोकरी वा पेन्शन आहे. पहिल्यापुढें खूण केली तर स्मरणाचा हिशेब, दुसऱ्यापुढें केली तर आपत्कालीन कोड, तिसऱ्यापुढें केली तर माफी न देतां साध्या दरानें कपात. वर सांगितलेल्या तरुणाचे १,२५७ पौंड त्या एका खुणेवर अवलंबून होते. खूण चुकली आणि वर्षही उलटून गेलें, तरी ती रक्कम मागतां येते. मुदत त्या वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षांची.