पॅकेटांतून जाणारा आवाज आणि क्रमांकांची नोंदवही

आवाजाचे लहान तुकडे करून ते पॅकेटांच्या रूपाने संगणकांच्या जाळ्यातून तत्क्षणी पाठविण्याचा प्रयोग अमेरिकेतील अर्पानेटवर १९७४ साली यशस्वी झाला. डॅनी कोहेन यांनी त्यासाठी सिद्ध केलेली नियमावली १९७७ साली ‘आरएफसी ७४१’ या पत्रकाने प्रसिद्ध झाली. संभाषण जुळविणारे संदेश आणि प्रत्यक्ष आवाज यांची तीत फारकत केलेली आहे. ही फारकत पुढील व्यवस्थांतही टिकली. त्यामुळे कोणता क्रमांक कोठे आहे हे ज्ञान जाळ्यात कोणी सांभाळावयाचे, या प्रश्नाचा स्वतंत्रपणे विचार करता आला.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९६ साली ‘एच.३२३’ ही शिफारस मान्य केली, तेव्हा या प्रश्नास व्यावहारिक महत्त्व आले. दूरध्वनी व संगणकजाळे यांना जोडणारे यंत्र म्हणजे गेटवे. मध्यवर्ती व्यवस्था नसल्यास प्रत्येक गेटवेत इतर सर्वांचे पत्ते भरून ठेवावे लागत. दहा गेटवेंसाठी अशा ९० नोंदी होतात, शंभरांसाठी ९,९००. एकाचा पत्ता बदलला की उरलेल्या ९९ ठिकाणी दुरुस्ती करावी लागे, आणि एखादी राहून गेल्यास तेवढ्याच ठिकाणाहून संभाषण जुळत नसे. असा दोष हुडकणे कठीण. यावरील उपाय त्याच शिफारशीत होता. गेटकीपर नावाच्या मध्यवर्ती यंत्रात नोंदवही ठेवावी व गेटवेने त्यास विचारावे.

१९९९ साली दोन भिन्न मार्ग पुढे आले. ‘एमजीसीपी’ने गेटवेकडील निर्णयशक्ती काढून ती मध्यवर्ती नियंत्रकाकडे दिली. ‘एसआयपी’ने ती टोकाच्या उपकरणाकडेच राहू दिली, मात्र त्या उपकरणाने आपला ठावठिकाणा स्वतःच निबंधक-यंत्राकडे नोंदवावा, अशी योजना केली. तिचे संदेश साध्या अक्षरांत असल्याने व्यवस्थापकास ते वाचता येतात. २००२ साली ‘आरएफसी ३२६१’ने तिला सुधारित रूप मिळाले.

या क्रमावरून असे दिसते की, व्यवस्थापन सोपे झाले ते नोंदी एकत्र आल्यामुळे. जाळ्यातील गुंतागुंत मात्र नाहीशी झाली नाही, ती मध्यभागी गोळा झाली. विखुरलेल्या याद्यांतील चूक एका गेटवेपुरती राही. मध्यवर्ती नोंदवही बंद पडली तर सारे जाळे मुके होते. म्हणूनच केंद्रास राखीव जोडीदार देणे हा या सुलभीकरणाचा अपरिहार्य भाग ठरतो.