'क्राफ्ट' आणि 'ऊर्जा'

भाषेचा अभ्यासक या नात्याने मी आज एका जर्मन शब्दाविषयी बोलणार आहे. हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी २३ जुलै १८४७ रोजी बर्लिनमध्ये आपला प्रख्यात निबंध वाचला. जे रूप पालटते पण नष्ट होत नाही, त्याला त्यांनी 'क्राफ्ट' म्हटले. या शब्दाचा मूळ अर्थ जोर, सामर्थ्य. इंग्रजीत त्याच्याच सहोदराला 'कसब' हा अर्थ आला. परंतु न्यूटनच्या बलालाही जर्मनीत 'क्राफ्ट'च म्हणत. एका शब्दात दोन संकल्पना कोंडल्या गेल्या. पुढे ग्रीकमूलक 'एनेर्गी' रूढ झाला, तेव्हा हा संभ्रम निवळला.

आपल्या बोलण्यातील 'शक्ती'ही असाच व्यापक शब्द आहे. शास्त्राने मात्र बल, ऊर्जा आणि शक्ती यांच्या सीमा आखून दिल्या. 'ऊर्जा'च्या मुळाशी वैदिक 'ऊर्ज्' आहे: अन्नातील पोषक सत्त्व, त्यातून येणारे बळ. 'ऊर्जितावस्था' तर आपल्या नित्य परिचयाची. इंदूरच्या विद्यार्थ्याला मराठीत आणि हिंदीत हाच शब्द भेटतो.

मातृभाषेत विज्ञान मावत नाही, असे म्हणणाऱ्यांनी 'क्राफ्ट'चा हा इतिहास आठवावा. जर्मनही शास्त्रासाठी सिद्ध होऊन जन्मली नव्हती. वापरता वापरता ती घडली.