जलप्रदूषक मापन : वायुनिष्कर्षण व अवरक्त पद्धत

पाण्यात विरघळलेले बेंझीन, ट्रायक्लोरोएथिलीन यांसारखे बाष्पनशील प्रदूषक मोजण्याची पद्धत. पाणी स्वतःच अवरक्त किरण भरपूर शोषते. त्यामुळे लिटरमागे काही मायक्रोग्रॅम प्रदूषकाची खूण पाण्यातच शोधू गेल्यास ती झाकली जाते. म्हणून प्रदूषक आधी पाण्याबाहेर काढावे लागते, आणि पद्धतीचे यशापयश प्रकाशमापनापेक्षा याच टप्प्यावर अधिक ठरते. नमुन्यातून नायट्रोजनाचे बुडबुडे सोडले की हेन्रीच्या नियमानुसार प्रदूषकाचा अंश वायूत जातो. 25° से. तापमानाला समतोलावस्थेत बेंझीनची वायूतील संहती पाण्यातल्या संहतीच्या सुमारे एक पंचमांश असते. नायट्रोजन अवरक्त किरण शोषत नाही. बेंझीन मात्र 674 प्रति सेंमी. तरंगांकापाशी ठळकपणे शोषते. या शोषणावरून वायूतील व पुढे पाण्यातील प्रमाण काढतात.

तापमान वा क्षार बदलले की वायूतील व पाण्यातील संहतींचे गुणोत्तरही बदलते, हा आक्षेप खरा आहे. पण तापमान स्थिर राखून व ज्ञात द्रावणांनी अंशशोधन करून त्रुटी आटोक्यात येते. पाण्यातूनच निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड 667 प्रति सेंमी. पाशी शोषतो, ही अडचण अधिक गंभीर. तिच्यासाठी उच्च विभेदनाचा वर्णपटमापक हवा. वायुवर्णलेखन अधिक संवेदनशील आहे, हेही निर्विवाद. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील बेंझीनसाठी सुचवलेली मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. तेवढ्या बेंझीनचे समतोलातील वायूतले प्रमाण दशलक्ष भागांत एका भागाहूनही कमी भरते, म्हणून लांब प्रकाशमार्गाचा कोश लागतो. तरीही गळतीजवळच्या विहिरींवर अखंड पाळत ठेवण्यास ही पद्धत सोयीची आहे. विरघळलेले शिसे किंवा आर्सेनिकची संयुगे अशा बुडबुड्यांबरोबर वायूत जात नाहीत. ती हिच्या कक्षेबाहेर राहतात.