आजीचा गुडघा, नातीचा गुडघा

आमच्या कुरकुंभात बर्फ म्हणजे रसवंतीतला. त्यामुळे परवा नातीने ओसरीवर बसून लॅपटॉप उघडला आणि "आजी, यातला कुठला पट्टा घेऊ गं? डिसेंबरात परत स्कीइंगला जायचंय," असं विचारलं, तेव्हा मी सुपारी चघळायची थांबले. गेल्या वर्षी हीच पोरगी गुलमर्गच्या उतारावर पडून गुडघा घेऊन आली होती. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध, पार तुटला होता. पुण्यात ऑपरेशन झालं, महिनोन्‌महिने व्यायाम झाला आणि आता बाईसाहेब पुन्हा निघाल्या!

तिला वाटलं मी ओरडेन. पण वाचकहो, माझाही उजवा गुडघा 1967 सालचा आहे. म्हणजे तेव्हापासूनचा.

दौंडला तालुक्याच्या खो-खोच्या स्पर्धा होत्या. मी सोळा वर्षांची. पळतीत होते. खांबाला हात घालून गर्रकन वळले आणि आत 'कट्' असा आवाज आला. हाडवैद्याने "मुरगळलाय" म्हणून ओढला, आंबेहळदीचा लेप लावला आणि वडिलांच्या जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली. तोच माझा पहिला सपोर्ट. पंधरा दिवसांनी सूज उतरली, महिन्याने चालू लागले. परत मैदानात उतरले तर तिसऱ्याच वळणाला गुडघा निसटला. झालं, खो-खो संपला. मग बीए, नोकरी, पस्तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहणं. तो अस्थिबंध होता हे कळलं साठीनंतर, एमआरआय काढल्यावर.

त्या हाडवैद्याला मी दोष देत नाही. आज डॉक्टर टेबलावर झोपवून, मांडी एका हाताने धरून, नळी पुढे ओढून दोन मिनिटांत एसीएल ओळखतात, ती लॅकमन यांच्या नावाची चाचणी छापून आली 1976 साली. दौंडला कोण कशाला ओळखणार होतं?

मास्तरीणबाईंची खोड जात नाही, म्हणून नातीला पट्टा सांगण्याआधी मी इतिहास वाचायला बसले. इंग्लंडात लीड्स गावी मेयो रॉबसन नावाच्या सर्जनने 1895 साली एका खाणकामगाराचे तुटलेले अस्थिबंध चक्क शिवले. सहा वर्षांनी तो गडी म्हणे पाय ठणठणीत असल्याचं सांगत होता. 1917 साली हे ग्रोव्हज यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या पट्टीतून नवा अस्थिबंध बसवला. म्हणजे विद्या होती, पण ती खेळाडूपर्यंत पोचायला अर्धं शतक लागलं.

आपल्या खाशाबा जाधवांचंच बघा. गोळेश्वरचा हा पैलवान 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. पण गुडघा दुखावल्यामुळे खाशाबांना पुढचं, 1956 सालचं मेलबर्नचं ऑलिंपिक गाठता आलं नाही, हे मात्र घाईघाईने सांगून पुढे जात असे. आता वाटतं, तिथे थांबायला हवं होतं.

तिकडे अमेरिकेत जो नेमथ नावाचा फुटबॉलपटू (त्यांचा फुटबॉल, हातात घेऊन पळायचा) 1965 साली गुडघ्याचं ऑपरेशन करून मैदानात उतरला. त्याच्यासाठी न्यूयॉर्कच्या लेनॉक्स हिल हॉस्पिटलशी जोडलेला जो बिजागरीचा पट्टा तयार झाला, त्याच वंशातले हे नातीच्या पडद्यावरचे सगळे पट्टे. नळी मांडीखाली वेडीवाकडी फिरू नये, हे त्याचं काम.

स्कीइंगची गंमत आणखी वेगळी. पूर्वी कातडी बूट असत, तेव्हा घोटे मोडत. ह्यालमार व्हाम नावाच्या नॉर्वेत जन्मलेल्या खेळाडूने 1937 साली स्वतःचा पाय मोडल्यावर, पडताना बूट सुटेल असं बाइंडिंग शोधून काढलं. साठच्या दशकात प्लास्टिकचे उंच, ताठ बूट आले. घोटा वाचला, चांगल्या बाइंडिंगमुळे नळीचं हाडही वाचू लागलं, पण पीळ वर सरकला आणि बसला गुडघ्यात! मागच्या बाजूला पडताना फळीचं शेपूट बर्फात रुततं आणि तरफेसारखा गुडघा फिरवतं. नात अश्शीच पडली होती. बाइंडिंग सुटलंच नाही.

मग पट्टा कुठला? मेडिकलच्या दुकानात मिळणारी ताणाची नी कॅप मी रोज घालते. ऊब देते, गुडघा आहे याची आठवण देते, पीळ अडवत नाही. स्कीइंगला बिजागरीचाच हवा. 2003 साली छापलेल्या एका अभ्यासात, एसीएल नसलेले जे व्यावसायिक स्कीअर पट्टा न घालता खेळले त्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका सहापटीहून जास्त निघाला. ऑपरेशन झालेल्यांच्या 2006 सालच्या अभ्यासात तो पावणेतीन पटीच्या आसपास. आता हे लोक बर्फावर नोकरी करणारे, आणि पट्टा घालणारा माणूस मुळात जपूनही उतरत असेल, तेव्हा आकडे जरा हात राखूनच घ्यावेत. सगळे सर्जन पट्टा सांगतातच असंही नाही. म्हणून तिला म्हटलं, आधी तुझ्या सर्जनला विचार, आणि मग खरेदी. बिजागरी गुडघ्याच्या वाकण्याच्या रेषेतच यायला हवी. खालचं टोक बुटाच्या काठावर आपटता कामा नये, म्हणून बूट घालूनच पट्टा बघायचा. आणि तो कातडीला लागून घालायचा, पँटवरून घातला की घसरत पिंढरीवर येतो.

"मापं घ्यायला लागतील," ती म्हणाली. मी शिवणाच्या मशीनमधून टेप काढला. गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून सहा इंच वर खूण करून मांडीचा घेर घ्यायचा. डावी मांडी झाली. उजवी, ऑपरेशनची, दोन सेंटीमीटरने कमी भरली. पुन्हा मोजली, तेवढीच.

"हे भरून काढ आधी," मी म्हटलं. "स्नायू नसेल तर पट्टा कुणाला धरणार?"

ती गप्प झाली. मग कॅलेंडर काढून मोजत बसली. ऑपरेशनला डिसेंबरात अकरा महिने होतात. फिजिओथेरपिस्टला तिने तिथूनच फोन लावला, एका पायावरच्या उड्यांची परीक्षा कधी घेणार म्हणून. ती पास झाल्याशिवाय तिकीट काढणार नाही असं मला वचन दिलंय. डिसेंबर नाही तर फेब्रुवारी.

फोन ठेवून म्हणाली, "आजी, आता तुझी मापं."

नको नको म्हणत होते, पण तिने टेप घातलाच. माझ्या दोन मांड्यांत अजूनही दीड सेंटीमीटरचा फरक आहे. आता रोज संध्याकाळी, ती पुण्यात आणि मी इथे, फोन स्पीकरवर ठेवून खुर्चीत बसून पाय उचलतो. ती तीस म्हणते, मी बारावर थांबते.