धुराचा हिशेब, पाण्याचा हिशेब

इंधनावरचा कर हा काही कवीचा विषय नव्हे, असे कुणीही म्हणेल. पण आमच्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या उस्मानाबादेत, डिझेल आणि पाणी यांची सोयरीक फार जुनी आहे. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर डिझेलवर चालतो. विहिरीचा तळ उपसणारे इंजीन डिझेलवर चालते. आणि पाणी सरले की ऊसतोडीला माणसे घेऊन जाणारा ट्रकही डिझेलवरच निघतो. त्यामुळे सरकारने डिझेलवर कर लावला, सवलत दिली किंवा त्याच्या जागी स्वच्छ इंधन आणायचे ठरवले, की त्याची झळ आमच्यापर्यंत पोचतेच. म्हणून या धोरणांचा इतिहास मला बालाघाटाच्या माथ्यावरून पाहावासा वाटतो.

सुरुवात निजामाच्या राज्यापासून करू. हैदराबाद संस्थानात १९३२ साली रेल्वेच्या अखत्यारीत सरकारी बससेवा सुरू झाली, अवघ्या २७ गाड्यांनिशी. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली आणि देशात ठिकठिकाणी कोळशाच्या गॅसवर मोटारी धावू लागल्या. माझे अब्बा त्या गाड्यांची गोष्ट रंगवून सांगत. मागे पिंपाएवढी टाकी, तिच्यात कोळसा पेटवायचा, क्लीनरने हाताने पंखा फिरवायचा आणि चढ आला की उतारूंनी मुकाट खाली उतरायचे! पर्यायी इंधन आपल्याकडे आले ते असे, हवा स्वच्छ ठेवण्यासाठी नव्हे, तर नड भागवण्यासाठी.

१९४८ हे साल आम्ही मराठवाड्याचे लोक १७ सप्टेंबरच्या मुक्तीसाठी लक्षात ठेवतो. त्याच वर्षी दिल्लीत ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदा झाला. साखर कारखान्यातल्या मळीपासून मद्यार्क करायचा आणि तो पेट्रोलमध्ये मिसळायचा, ही त्यामागची कल्पना. म्हणजे आज ज्याला आपण इथेनॉल म्हणतो, तेच. पुढे खनिज तेलाची चलती झाली, कायदा मागे पडला आणि २००० साली रीतसर रद्दही झाला. गंमत पाहा, लगेच पुढच्या वर्षी, २००१मध्ये, आपल्याच राज्यात मनमाड आणि मिरजेला पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग सुरू झाले!

दरम्यान सरकारने डिझेल मुद्दाम स्वस्त ठेवले होते. शेतकऱ्याचे इंजीन, एसटी, मालाचा ट्रक यांना झळ लागू नये, हा हेतू चांगला होता. पण बाजार हेतू पाहत नाही, भाव पाहतो. मे २०१२मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. साहजिकच ज्याला परवडत होते, त्याने डिझेलची मोटार घेतली. शेतकऱ्याच्या नावाची सवलत बंगल्यापुढच्या गाडीत जाऊ लागली. किरीट पारीख समितीने २०१०मध्येच डिझेलच्या मोटारीवर ८० हजार रुपयांचा जादा कर सुचवला होता. तो तसा लागला नाही. अखेर ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचा भाव बाजारावर सोपवला गेला.

भावातल्या तफावतीचे दुसरे रूप याहून भीषण होते. रेशनचे रॉकेल गरिबाच्या चुलीसाठी स्वस्त ठेवलेले. ते चुलीपर्यंत पोचण्याआधीच वाटेत डिझेल-पेट्रोलमध्ये मिसळले जाई. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ ही भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. जिथे दहा वर्षांपूर्वी स्वच्छ इंधनाचा प्रयोग झाला, त्याच मनमाडला हे घडावे! धोरणातली एक फट माणसाचा जीव घेऊ शकते, हे तेव्हा सर्वांना कळले.

शहरांची गोष्ट वेगळी. तिथे धुराने जीव घुसमटला तेव्हा न्यायालये पुढे आली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८च्या आदेशाने दिल्लीच्या बस सीएनजीवर गेल्या. मुंबईतही टॅक्सींनी तीच वाट धरली. मग करांनीही धुराची दखल घेतली. महाराष्ट्रात आज नव्या मोटारीचा एकरकमी कर पेट्रोलला ११ ते १३ टक्के, तर डिझेलला १३ ते १५ टक्के आहे. सीएनजीच्या गाडीला तो बराच कमी आहे आणि २०२१ व २०२५च्या धोरणांनी विजेच्या गाड्यांना करमाफी दिली. एप्रिल २०२२पासून राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून ३ टक्क्यांवर आणला. हे योग्यच झाले. धुराचा हिशेब मांडायला आपण शिकलो.

माझा प्रश्न पुढचा आहे. पाण्याचा हिशेब कोण मांडणार?

२०१५च्या दुष्काळात राज्य सरकारने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपयांचा अधिभार लावला. कारण काय, तर दुष्काळग्रस्तांना मदत. म्हणजे दुष्काळी गावाला पाणी नेणाऱ्या टँकरच्या डिझेलवरही दुष्काळाचाच कर! २०१६चा पावसाळा चांगला गेला, तरी तो लगेच उतरला नाही. त्याच २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. ती गाडी आमच्या जिल्ह्यातूनच गेली. पाण्याने भरलेले डबे कोरड्या शिवारातून जातात, हे दृश्य पाहून ज्याला कविता सुचेल त्याला सुचो. मला त्या दिवसांत आकडेच सुचत होते.

त्यातला एक आकडा पुढे २०२१मध्ये नीती आयोगाच्या आराखड्यात छापून आला. उसाच्या साखरेपासून १ लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. आणि हे इथेनॉल मिसळले जाते पेट्रोलमध्ये. आमच्या टँकरचे, ट्रकचे, ट्रॅक्टरचे डिझेल होते तसेच राहते. पाणी आमच्या जमिनीतले आणि स्वच्छ धूर मात्र दूरच्या शहरातल्या मोटारीचा, असा हा सौदा आहे. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९मध्येच कमी पावसाच्या भागातल्या उसाबद्दल सावध केले होते.

ऑक्टोबर २०२३मध्ये राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आमचे वाशी, धाराशिव आणि लोहारा होते. त्याच डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. पण कारण पाण्याचे नव्हते. साखर कमी पडेल, ही काळजी होती. आठवड्याभरात बंदी सैल झाली आणि ऑगस्ट २०२४मध्ये पुढच्या हंगामासाठी उठली. साखरेचा विचार झाला, मोटारीचा झाला. घागरीचा झाला नाही.

मी ऊस किंवा इथेनॉल यांच्या विरुद्ध नाही. उसाचे पैसे हक्काने येतात, म्हणून तर शेतकरी तो लावतो. त्याला दोष देणे सोपे, दुसरे हक्काचे पीक देणे अवघड. पण मळीचे इथेनॉल वेगळे आणि त्यासाठी मुद्दाम वाढवलेला ऊस वेगळा, हा फरक धोरणात आला पाहिजे. प्रेसमड, धसकटे, शेण यांपासून गॅस करता येतो. त्यासाठी केंद्राची योजना २०१८पासून आहे. बदल अशक्य नसतो. मे २०२१मध्ये, कोरोनाच्या लाटेत, आमच्याच जिल्ह्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने इथेनॉलच्या प्रकल्पात फेरफार करून प्राणवायू तयार केला होता. निकड पटली, की यंत्रही वळते.

इतिहास एवढेच सांगतो, की इंधनाचे धोरण ज्याच्या नावाने आखले जाते, त्याच्या दारात ते पोचतेच असे नाही. उद्या डिझेल जाईल, वीज येईल, गॅस येईल. येऊ द्या. फक्त कोणतेही इंधन ‘स्वच्छ’ ठरवण्याआधी त्याच्या धुराइतकीच त्याची तहानही मोजा.